कान्हाच्या जंगलाचा सातबारा

कान्हा राष्ट्रीय उद्यानाची जमीन मध्य प्रदेश शासनाच्या मालकीची आहे. नावातल्या ‘राष्ट्रीय’ या शब्दामुळे ती केंद्र सरकारची असावी, असा समज पर्यटकांपासून पत्रकारांपर्यंत सर्वत्र आढळतो; पण दिल्लीच्या नावावर तिथे एक एकरही नाही. सुमारे ९४० चौरस किलोमीटरचे हे उद्यान मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. कान्हा, किसली, सरही ही नावे मंडल्याची. मुक्की, सुपखार आणि भैसानघाट हा दक्षिणेचा व पूर्वेचा पट्टा बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पठारावर आहे. नागपूर-गोंदियाकडून जाणारा मराठी प्रवासी बहुधा बालाघाट, बैहर करत मुक्कीच्या फाटकातूनच आत शिरतो. त्या फाटकाच्या आत जमीन राज्याची, तिचा कायदा संसदेचा, व्याघ्र आराखड्याची मंजुरी दिल्लीतल्या प्राधिकरणाची, अंतिम वचक सर्वोच्च न्यायालयाचा आणि सर्वांत जुनी वहिवाट बैगा व गोंड आदिवासींची आहे. मालकी आणि कारभार यांची अशी फारकत कशी झाली, हे समजायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

बैहरचे पठार गढा-मंडल्याच्या गोंड राजांच्या मुलखात येत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मंडला मराठ्यांच्या हाती आला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१८ मध्ये मंडल्याचा प्रदेश इंग्रजांनी घेतला आणि १८५४ मध्ये उरलेले नागपूर राज्यही खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला व सिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट हा नवा जिल्हा उभा राहिला. त्याचे पहिले डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्ड यांनी खालच्या मैदानातले पोवार शेतकरी वर पठारावर नेऊन वसवले. सरकारच्या दृष्टीने पठार रिकामे होते. प्रत्यक्षात तिथे बैगा होते. पण त्यांची शेती महसुली कागदात बसत नव्हती.

ही शेती म्हणजे बेवर. उन्हाळ्यात जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळला की पेटवायचा आणि पावसाच्या तोंडावर राखेत कोदो-कुटकीचे बी फेकायचे. दोन-तीन वर्षांनी जागा सोडून पुढे सरकायचे आणि मागची जागा पुन्हा रानाला द्यायची. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे हे पाप, अशी बैगांची श्रद्धा होती. गोंडांच्या गावातही भूमीची पूजा बांधायचा आणि गावाची शीव मंत्राने राखायचा मान बैगाकडेच असे. म्हणजे जमीन कसण्याची रीत होती, तिचे धार्मिक पालकत्व होते आणि तिच्या सीमाही ठरलेल्या होत्या. नव्हता तो फक्त कागद. सालवृक्षाच्या लाकडाला भाव आल्यावर बेवर हा सरकारी संपत्तीचा नाश ठरला आणि टप्प्याटप्प्याने त्यावर बंदी आली. १८९० मध्ये आजच्या दिंडोरी जिल्ह्याच्या भागात सुमारे २४ हजार एकरांचा ‘बैगा चक’ बेवरसाठी राखून दिला गेला. त्याबाहेरच्या बैगांनी नांगर धरावा किंवा जंगल खात्याची मजुरी करावी, असे अपेक्षित होते. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बैगा’ या ग्रंथात या बंदीने त्या समाजाची काय वाताहत केली ते सविस्तर नोंदवले आहे.

जमीन सरकारची कशी झाली, याचे उत्तर मालगुजारी व्यवस्थेत आहे. विदर्भाच्या पूर्वेकडील वाचकाला ही व्यवस्था परकी नाही, कारण भंडारा, चांदा, नागपूर आणि बालाघाट हे जिल्हे एकाच साच्यातून निघाले. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात गावचा पाटील किंवा वसुलीचा मक्तेदार मालगुजार म्हणून जमिनीचा धनी ठरवला गेला. गावाला लागवडीच्या प्रमाणात काही पडीक व रान जोडून दिले गेले आणि त्यापलीकडची सगळी ‘जादा पडीक’ सरकारने स्वतःकडे ठेवली. मैदानात गावे दाट असल्यामुळे सरकारच्या वाट्याला थोडी जमीन आली. बैहरच्या पठारावर गावे विरळ होती, त्यामुळे तिथे जवळजवळ सगळीच आली. १८७८ चा वन कायदा झाल्यावर १८७९ मध्ये हा प्रदेश राखीव जंगल म्हणून घोषित झाला. या कायद्यात हक्कांची चौकशी करण्याची तरतूद होती. अधिकारी जाहीरनामा काढणार, दावेदारांनी मुदतीत दावे करायचे आणि जे आले नाहीत त्यांचे हक्क संपले असे मानायचे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि ज्यांची शेती दर तीन वर्षांनी जागा बदलत होती, ते या चौकशीत बुडणारच होते. कान्हाच्या मालकीचा पाया असा रीतसर प्रक्रियेने, पण अत्यंत असमान तराजूत घातला गेला. आजच्या बहुतेक वादांची मुळे तिथेच आहेत.

पुढे गंमत अशी झाली की, ज्या खात्याने जंगलातून माणसे हटवली त्यालाच माणसांची गरज पडली. साल तोडायला, रस्ते राखायला, वणव्याच्या जाळरेषा साफ करायला मजूर हवे होते. म्हणून खात्याने स्वतःच राखीव जंगलात गावे वसवली. ती वनग्रामे. तिथल्या रहिवाशाला घर आणि शेत मिळाले, पण मालकी मिळाली नाही. त्याच्याकडे असे तो ठरावीक मुदतीचा पट्टा, आणि त्याचे नूतनीकरण खात्याच्या मर्जीवर. ही अवस्था स्वातंत्र्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. मध्य प्रदेशातल्या ८२७ वनग्रामांना महसुली गावांचा दर्जा देण्याची घोषणा झाली ती २०२२ मध्ये.

वन्यप्राण्यांसाठी जागा राखण्याची कल्पना १९३० च्या दशकात आली. हालोन आणि बंजर या दोन नद्यांच्या खोऱ्यांत अनुक्रमे सुमारे २५० आणि ३०० चौरस किलोमीटरची अभयारण्ये झाली. पण हे संरक्षण सरकारी आदेशापुरते होते. मालकाने दिले, मालकाने काढले. त्यांपैकी एकाचा दर्जा काही वर्षांतच गेला. स्वातंत्र्याच्या सुमारास विजयनगरमच्या महाराजकुमारांना याच परिसरात शिकारीची परवानगी मिळाली आणि त्यांनी ३० वाघ मारले. ओरड झाली आणि कायमस्वरूपी कायद्याची निकड पटली.

तो कायदा नागपुरात झाला. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. तिथल्या विधिमंडळाने १९५५ मध्ये मध्य प्रदेश राष्ट्रीय उद्यान कायदा संमत केला. त्याच वर्षी या कायद्याखाली चांदा जिल्ह्यातले ताडोबा आणि मंडल्यातले कान्हा ही दोन्ही जंगले राष्ट्रीय उद्याने झाली. पुढच्या वर्षी राज्य पुनर्रचना झाली. ताडोबा मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आले, कान्हा भोपाळकडे गेले. एका कायद्याच्या पोटची ही दोन भावंडे. म्हणून कान्हातल्या जमिनीचा प्रश्न वाचताना ताडोब्याचा इतिहासही आपोआप उलगडत जातो. दरम्यान १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली होती आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांकडची रानेही शासनजमा झाली होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९४ प्रमाणे ब्रिटिश प्रांताची मालमत्ता राज्याकडे आलीच होती. अशा रीतीने राखीव जंगल आणि मालगुजारी रान या दोन्ही वाटांनी जमीन एकाच खात्यावर गोळा झाली.

सुरुवातीचे उद्यान सुमारे २५२ चौरस किलोमीटरचे, बंजर खोऱ्यापुरते होते. १९६४ मध्ये ते ३१८ झाले, १९७० मध्ये ४४६ आणि १९७६ मध्ये हालोन खोरे जोडून ९४० चौरस किलोमीटर. या वाढीमागे वाघाइतकाच, किंबहुना अधिक, बाराशिंगा होता. मध्य भारतातल्या कठीण भूमीवर राहणारा हा बाराशिंगा जगात फक्त कान्हात उरला होता आणि १९७० मध्ये त्याची संख्या ६६ वर आली होती. त्याला उंच गवत लागते. पाडसे त्या गवतात लपतात. गुराढोरांनी चरलेल्या आणि दरवर्षी जाळलेल्या कुरणात त्यांना आडोसा मिळत नव्हता. १९६३ पासून जॉर्ज शॅलर यांनी आणि नंतर क्लॉड मार्टिन यांनी इथे केलेल्या अभ्यासांनी ही कारणे पुढे आणली. १९६९ च्या सुमारास सोंफ गाव हलवण्यात आले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत कान्हाचा समावेश झाल्यावर आणखी वीसहून अधिक गावे बाहेर काढली गेली.

आज पर्यटक ज्याला नैसर्गिक कुरण समजतात ती सोंफ, रौंदा, बिशनपुरा, घोरेला ही मैदाने म्हणजे या गावांची शेते आहेत. नांगर थांबला, गवत आले, गवतात बाराशिंगे आले. आता त्यांची संख्या हजारावर गेली आहे आणि इथले कळप सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेऊन सोडले गेले आहेत. घोरेल्यात कुंपणाच्या आत अनाथ बछडे वाढवून पन्ना येथे सोडले गेले. संवर्धनाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण वन खात्याच्या नकाशावर आजही कुरणाचे नाव गावाचेच आहे, ही गोष्ट विसरता येत नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर मालकीच्या प्रश्नाला पहिल्यांदा स्पष्ट कायदेशीर आकार मिळाला. कलम ३५ प्रमाणे राज्य सरकार आधी उद्यानाचा इरादा जाहीर करते. मग जिल्हाधिकारी त्या सीमेतल्या प्रत्येक हक्काची चौकशी करतात: शेतजमीन, चराई, वाट, पाणी, वनोपज. हक्क मान्य झाला तर तो मोबदला देऊन संपादन करायचा किंवा ती जमीन सीमेबाहेर ठेवायची. सगळे हक्क राज्याकडे निहित झाल्यावरच अंतिम अधिसूचना काढता येते. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवण्याची मोकळीक आहे. राष्ट्रीय उद्यानात ती नाही. तिथे गुरे चारण्यासही बंदी आहे. म्हणजे भारतीय कायद्यातली राष्ट्रीय उद्यानाची कल्पना मुळातच एकट्या मालकाची आहे. इतर कोणाचाही हक्क शिल्लक असेपर्यंत उद्यान पूर्ण होत नाही. १९५५ च्या कायद्याखालची जुनी उद्याने मात्र कलम ६६ ने ‘या कायद्याखाली झालेली’ मानली गेली. देशभर ही हक्कचौकशी इतकी रखडली की, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती एका वर्षात पूर्ण करण्याचा आदेश राज्यांना द्यावा लागला.

पूर्व विदर्भात निस्तार हक्क हा शब्द घरोघरी माहीत आहे. जळणाचे सरपण, शेतीच्या अवजारांचे लाकूड, कुंपणाच्या काट्या, गुरांची चराई ही गावाची गरज रानातून भागवण्याचा तो नोंदलेला हक्क. बालाघाटातही निस्तार तसाच चालतो. गावकऱ्याच्या दृष्टीने राष्ट्रीय उद्यानाची सीमा म्हणजे जिथे निस्तार संपतो ती रेषा. ही रेषा जमिनीवर दिसते ती दगड-चुन्याच्या मुनाऱ्यांनी. मुनाऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, सामान्य वनविभागात, साल उन्मळून पडला तर त्यावर हातोड्याचा ठसा उमटतो, लाकूड डेपोत जाते आणि लिलाव होतो. मुनाऱ्याच्या आत तसाच साल पडला तर तो जिथे पडला तिथेच राहतो, वाळवी खाते आणि मातीत जातो. दोन्ही झाडांचा मालक एकच आहे.

या मालकाचे हात किती बांधलेले आहेत, हे इथून दिसू लागते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने राखीव जंगलाचा दर्जा काढायला किंवा ती जमीन अन्य कामाला द्यायला केंद्राची पूर्वपरवानगी बंधनकारक केली. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतसुद्धा काढण्यास मनाई केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणत्याही उद्यानाचा दर्जा काढता येणार नाही, असेही बजावले. सीमा बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते आणि व्याघ्र प्रकल्प असेल तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचीही. मध्य प्रदेश शासन कान्हाची जमीन विकू शकत नाही, भाड्याने देऊ शकत नाही, तिथले गवत कापून नेऊ शकत नाही. त्याची मालकी प्रत्यक्षात विश्वस्ताची आहे.

बालाघाट जिल्ह्यातले शेजार पाहिले की, ही बंधने किती महत्त्वाची आहेत ते कळते. बैहरजवळच मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपर या केंद्रीय कंपनीची देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे. भरवेली आणि उकवा येथे नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉयलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. भूगर्भातले खनिजही राज्याचेच असते आणि ते खाणपट्ट्याने कंपनीला दिले जाते. डोंगररांग एक, धनी एक. एका डोंगराच्या पोटातून तांबे निघते, दुसऱ्यावर वाघ फिरतो. फरक पडतो तो फक्त अधिसूचनेने. उद्यानाचा दर्जा नसता तर सुपखारच्या सालवनाचे काय झाले असते, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

कारभाराची उतरंड अशी. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक भोपाळला बसतात आणि उद्यानाचे नियंत्रण कायद्याने त्यांच्याकडे असते. कान्हापुरते सर्वोच्च अधिकारी म्हणजे क्षेत्र संचालक, त्यांचे कार्यालय मंडल्याला. त्यांच्या हाताखाली कोअर म्हणजे गाभ्यासाठी आणि बफर म्हणजे भोवतालच्या पट्ट्यासाठी वेगळे उपसंचालक, मग सहायक संचालक, वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपाल आणि सर्वांत खाली बीटचा वनरक्षक. जमिनीवरची खरी हजेरी या शेवटच्या माणसाची असते. जंगलात ठिकठिकाणी गस्तीचे कॅम्प आहेत. वनरक्षक आणि स्थानिक मजूर तिथे मुक्काम करतात, रोज पायी गस्त घालतात, पाणवठे तपासतात, पगमार्क आणि विष्ठा नोंदवतात, उन्हाळ्यात जाळरेषा साफ करतात. हे मजूर बहुतेक बैगा आणि गोंड आहेत. ज्या समाजाची वहिवाट मोडली त्याच समाजाच्या रानाच्या ज्ञानावर उद्यानाची राखण चालते. वेतनपत्रकात त्यांची जागा सर्वांत खालची असते, हा अन्याय आहे आणि तो दूर करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

दिल्लीचा अधिकार येतो तो कायदा आणि पैसा या दोन मार्गांनी. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला संवर्धन आराखडा करून या प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. डिसेंबर २००७ मध्ये कान्हाचे ९१७.४३ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘अतिसंवेदनशील व्याघ्र अधिवास’ म्हणजे कोअर म्हणून आणि २०१० मध्ये त्याभोवतीचे सुमारे १,१३४ चौरस किलोमीटर बफर म्हणून घोषित झाले. फेन अभयारण्याचे ११० चौरस किलोमीटर वेगळे. आराखड्याप्रमाणे निधी येतो, त्यात आवर्ती खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा व निम्मा राज्याचा असतो. याशिवाय मध्य प्रदेशाने १९९० च्या दशकातच एक चांगला पायंडा पाडला: प्रवेशशुल्काची रक्कम राज्याच्या तिजोरीत न जाता उद्यानाच्या विकासनिधीत राहते. पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा भोवतालच्या गावांच्या समित्यांनाही मिळतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधल्या पर्यटनाला काही काळ स्थगिती दिली होती. त्यानंतरच्या मार्गदर्शक तत्त्वांनी कोअरच्या २० टक्क्यांपलीकडे पर्यटन नेण्यास मनाई केली. म्हणजे मुक्कीच्या फाटकातून शिरणाऱ्या जिप्सीला कान्हाचा पाचवा हिस्साच दिसतो.

बफरमध्ये चित्र एकदम बदलते. तिथे वनजमीन आहे, महसुली जमीन आहे आणि शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीची जमीनही आहे. बफर घोषित झाल्याने कोणाची मालकी जात नाही. सातबाऱ्याच्या जागी मध्य प्रदेशात खसरा आणि खतौनी असते. त्यात शेतकऱ्याचे नाव कायम राहते. तो शेत पेरू शकतो, घर बांधू शकतो. बैहरचा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो, त्यामुळे ग्रामसभेला पेसा कायद्याचे अधिकार आहेत. त्याचे नियम मध्य प्रदेशाने १५ नोव्हेंबर २०२२ ला लागू केले. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ प्रमाणे अशा क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकता येत नाही. तरीही मुक्की आणि खटिया या फाटकांजवळ रिसॉर्टांची रांग उभी राहिली आहे. उद्यानाच्या आत जमिनीला बाजारभाव नाही. फाटकाबाहेर मात्र तो वाघाच्या नावाने ठरतो. त्या भावाचा फायदा मूळ शेतकऱ्याला किती झाला, हे प्रत्येक गावच्या ग्रामसभेने फेरफार नोंदी काढून एकदा तपासायला हवे.

बफरमध्ये आणखी एक जुने दुखणे आहे, विदर्भाच्या ओळखीचे. मालगुजारी गेल्यावर शासनजमा झालेल्या रानांची नोंद महसूल खात्याने ‘छोटे झाड का जंगल’, ‘बडे झाड का जंगल’ अशी ठेवली. वन खात्याने त्याच जमिनी संरक्षित वन म्हणून नकाशावर घेतल्या. नंतर त्यांतल्या काहींचे पट्टेही वाटले गेले. दोन खाती एकाच तुकड्यावर दावा सांगतात आणि कसणारा दोघांच्या मध्ये सापडतो. आपल्याकडचा झुडपी जंगलाचा घोळ हे याच वेलीचे फळ. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निकाल देऊन ही जमीन वनच असल्याचे ठरवले, तोवर नोंदी होऊन अनेक दशके उलटली होती.

कोअरमधल्या उरलेल्या गावांचा प्रश्न सर्वांत नाजूक. २००६ हे वर्ष इथे दुहेरी आहे. त्याच वर्षी व्याघ्र संवर्धनाची दुरुस्ती आली आणि त्याच वर्षी वनहक्क कायदा संमत झाला. वनहक्क कायद्यातली ‘वनजमीन’ या संज्ञेची व्याख्या राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासीला मालकीहक्क, गावाला सामूहिक हक्क आणि बैगांसारख्या विशेष असुरक्षित आदिम जमातींना संपूर्ण अधिवासावर हक्क अशी त्याची रचना आहे. दिंडोरीतल्या बैगा चकातील गावांना असा अधिवासहक्क मान्यही झाला आहे. वन्यजीव कायद्याचे कलम ३८-व्ही सांगते की, कोअर निर्मनुष्य करायचा तर आधी हक्कांची निश्चिती पूर्ण व्हावी. माणसांमुळे भरून न येणारी हानी होते आणि सहजीवनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही, हे सिद्ध व्हावे. ग्रामसभेची आणि प्रत्येक कुटुंबाची समजून-उमजून संमती घ्यावी. नव्या जागी सोयी आधी उभ्या राहाव्यात. कायद्याची भाषा यापेक्षा स्पष्ट असू शकत नाही.

अंमलबजावणीचे चित्र रकमेतून कळते. २००८ च्या योजनेत एका कुटुंबाला १० लाख रुपये होते. सगळी रोकड घ्यायची किंवा खात्याकडून पुनर्वसन करून घ्यायचे, असे दोन पर्याय. दुसऱ्या पर्यायाची फोड बोलकी आहे: दोन हेक्टर शेतजमीन आणि तिचा विकास साडेतीन लाखांत, सर्व हक्कांचा निपटारा तीन लाखांत, घरजागा व घर दोन लाखांत, प्रोत्साहन ५० हजार आणि रस्ता, पाणी, वीज, देऊळ, स्मशान मिळून एक लाख. २०२१ मध्ये ही रक्कम १५ लाखांवर नेली गेली. सर्व हक्क म्हणजे मोह, तेंदू, चराई, मासे, औषधी मुळ्या, देवाची जागा. एका कुटुंबाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या या वहिवाटीची किंमत ३० टक्के धरण्याला कोणत्याही हिशेबाचा आधार नाही. आणि रोकड घेणाऱ्याला बाजारात जमीन शोधायची असते ती ओळख नसलेल्या गावात, दलालांच्या मध्यस्थीने. जून २०१४ मध्ये कान्हातून साडेचारशेहून अधिक बैगा आणि गोंड कुटुंबे हलवली गेली, तेव्हा सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेने संमती दबावाखाली घेतल्याचा आरोप केला. वन खात्याने स्थलांतर स्वेच्छेने झाल्याचे सांगितले.

जगात याहून वेगळी घडणही आहे. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय उद्यानांत बहुतांश जमीन खाजगी शेतकऱ्यांची असते आणि उद्यानाचे प्राधिकरण फक्त नियोजन करते. ऑस्ट्रेलियात उलुरू-काटा जुटा उद्यानाची मालकी २६ ऑक्टोबर १९८५ ला अनांगू आदिवासींना परत देण्यात आली. त्यांनी ती ९९ वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यान सेवेला दिली आणि व्यवस्थापन मंडळात बहुमत स्वतःकडे ठेवले. उद्यान बंद पडले नाही. कान्हात वाघांची दाटी, माणसांची संख्या आणि शेतीची पद्धत निराळी आहे, त्यामुळे ही घडण जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण मालकी आदिवासींची आणि संवर्धन सरकारचे हे दोन्ही एकत्र नांदू शकते, याचा तो चाळीस वर्षांचा पुरावा आहे.

जून २०२४ मध्ये व्याघ्र प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून देशभरच्या कोअर क्षेत्रांतील ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे यांच्या स्थलांतराचे वेळापत्रक मागितले. मध्य प्रदेश शासनाने ते देण्याआधी एक काम करावे. १९६९ पासून कान्हातून हलवलेल्या प्रत्येक गावाची नोंद प्रसिद्ध करावी: किती कुटुंबे, किती जमीन, कोणते दावे मान्य, कोणते अमान्य, प्रत्येकाला नेमके काय मिळाले आणि ती कुटुंबे आज कुठे आहेत. ती मंडला व बालाघाटच्या ग्रामसभांत वाचून दाखवावी. कान्हाची जमीन शासनाचीच राहावी, कारण तीच तिची सर्वांत सुरक्षित मालकी आहे. पण ती मालकी पूर्ण होण्याची अट कायद्यातच लिहिलेली आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे हक्कांची मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही वननिवासी आदिवासीला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही, आणि हे कलम कान्हाच्या कोअरमध्येही लागू आहे.